एसी १८ वर, तरी वरच्या सर्व्हरला ३१ ची हवा: लहान सर्व्हर रूम कमी विजेत गार कशी ठेवावी?

तारांचा_गुंता | ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी एका जिल्ह्याच्या गावी सहकारी बँकेत संगणक विभाग सांभाळतो. गेल्या मे महिन्यात आमची सर्व्हर रूम तापून बंद पडली. तेव्हापासून जे मोजलं आणि करून पाहिलं ते इथे मांडतो. अजून बरंच अडलेलं आहे, जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

खोली बारा बाय चौदाची, सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब. दोन रॅक, एक यूपीएस, दोन टनांचे दोन स्प्लिट एसी. दोन्ही १८ वर, बारा महिने चोवीस तास. आत शिरलं की हुडहुडी भरायची, म्हणून सगळं ठीक आहे असंच वाटायचं.

महिन्याचा पहिला आठवडा, म्हणजे पेन्शनचे दिवस. दुपारचे तीन, बाहेर ४३. एका एसीतून पाणी ठिबकायला लागलं. झाकण उघडलं तर कॉइलवर बोटभर बर्फ. तो बंद करून बर्फ वितळायची वाट बघत होतो, तेवढ्यात दुसरा एसी ट्रिप झाला. पुढच्या दहा-बारा मिनिटांत रॅकसमोरचा आकडा ४० च्या वर गेला. शिपाईमामांनी हॉलमधले दोन स्टँडचे पंखे उचलून दारात लावले. मी एकेक सर्व्हर रीतसर बंद करत होतो, पण दोन मशीन माझा हात पोचायच्या आत आपणहून बंद झाली. बाहेर पासबुकं हातात धरून म्हातारी माणसं पाच वाजेपर्यंत बसून होती. त्यातल्या एक आजी दोन तास एसटीने आल्या होत्या आणि तशाच परत गेल्या. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

एसीवाल्याने तिसरा एसी सुचवला. तो घ्यायच्या आधी मी वायरच्या टोकाला सेन्सर असलेले पाच डिजिटल थर्मामीटर आणले, फ्रिजमध्ये लावतात तसले, आणि रॅकच्या दाराला खाली, मधे, वर असे चिकटवले. सगळ्यात खालच्या सर्व्हरसमोर १९, मधे २४, वरच्या सर्व्हरसमोर ३१. त्याच्याच पाठीमागे ४२. खोली तीच, एसी तेच.

कागदावर हिशेब मांडला. यूपीएसच्या डिस्प्लेवर सर्व्हरचा भार ६ किलोवॉट दिसत होता. सर्व्हर खातो ती वीज शेवटी जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे खोलीत एकेक किलोवॉटचे सहा हीटर अखंड चालू. यूपीएसची घट आणि स्लॅबची झळ धरून साडेसात. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट, तर चार टनांचे चौदा झाले. गारवा दुपटीने होता! तो वरच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हता. रॅकमध्ये २० खण रिकामे होते. पाठची गरम हवा त्या भगदाडांतून आणि रॅकच्या डोक्यावरून पुढे येत होती, आणि वरचा सर्व्हर तीच पुन्हा ओढत होता. भरीला दुसरा रॅक असा उभा होता की पहिल्याची पाठ त्याच्या तोंडावर.

एका रविवारी रात्रभर बसून दुसरा रॅक फिरवला. आता दोन्हींची तोंडं एका बाजूला, पाठी दुसऱ्या बाजूला. रिकाम्या खणांना दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून ॲक्रिलिकच्या पट्ट्या कापून बसवल्या. वायरींची भोकं फोमने बुजवली. रॅकच्या बाजूंना आणि डोक्यावर प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा लावला, शीतगृहाच्या दाराला असतो तसा. छताखाली एक फूट फट मात्र मुद्दाम ठेवली, कारण स्प्लिट एसी हवा वरून ओढतो. गरम हवा छताला धरून त्याच्या तोंडाशी जायला हवी. स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग दिला. सगळं मिळून वीस हजारांच्या आत.

मग दर आठवड्याला एसी एकेका अंशाने वर नेला. आज २४ वर आहे आणि वरच्या सर्व्हरसमोर २५.५. जूनच्या पहिल्या आठवड्यात सब-मीटरवर दोन्ही एसी मिळून रोज ९२ युनिट खात होते. ऑक्टोबर हीटमध्ये ५८.

प्रश्न असा, की मे पुन्हा येतोय. सर्व्हर रूमसाठी खास बनवलेला प्रिसिजन एसी घ्यायला पैसे नाहीत. आणखी काय करता येईल?

खाडीकाठ | ३ मार्च, रात्री १०:५५

नवी मुंबईत डेटा सेंटरच्या वातानुकूलनाचं काम अठरा वर्षं करतोय. दादा, तुम्ही मोजायला बसलात यातच अर्धं काम झालं. कोट्यवधींच्या हॉलमध्ये रिकामे खण उघडे ठेवलेले मी पाहिलेत.

तुमचा बर्फ कशाने झाला ते सांगतो. घरगुती स्प्लिट माणसांसाठी बनवलेला असतो. माणसाला घाम येतो, श्वासातून वाफ निघते, म्हणून त्या एसीची पाव ते तीस टक्के ताकद हवेतलं पाणी काढायला राखलेली असते. सर्व्हरला घाम येत नाही. त्याला निव्वळ उष्णता नेणारं यंत्र हवं. प्रिसिजन एसी महाग असतो तो यासाठी: त्याची कॉइल मोठी, हवा जास्त, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक ताकद नुसतं तापमान उतरवण्यावर लागते. स्प्लिटला १८ वर लावून चोवीस तास पळवलं, त्यात फिल्टर तुंबला, की कॉइलवरून जाणारी हवा कमी होते, कॉइल शून्याच्या खाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फाने हवा आणखी अडते. त्यामुळे तुमच्याकडे मशीन जास्त थंड करायच्या नादातच बंद पडलं.

१८ चा आग्रह जुन्या काळातला आहे. अमेरिकेतल्या ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने २००४ मध्ये सर्व्हरच्या तोंडाशी २० ते २५ अंश सांगितले होते, २००८ मध्ये ते १८ ते २७ केले. नेहमीच्या सर्व्हरला काही काळ ३२ पर्यंत चालतं, बऱ्याच नव्यांना ३५. लक्षात घ्या, हा आकडा सर्व्हरच्या तोंडाशी मोजायचा, एसीच्या रिमोटवर दिसतो तो नव्हे.

एक शंका आहे. जून आणि ऑक्टोबरची तुलना पुरती खरी नाही, बाहेरचं तापमान वेगळं असतं. मे महिन्याचे आकडे जरूर टाका.

तारांचा_गुंता | ३ मार्च, रात्री ११:१०

बरोबर आहे काका, ती माझी चूक. मेचे आकडे टाकतो.

मी पीयूई पण काढला. तो शब्द नवीन असणाऱ्यांसाठी: एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज. जूनमध्ये एसी ताशी ३.८, यूपीएसची घट ०.६, सर्व्हर ६. बेरीज १०.४, भागिले ६, म्हणजे १.७३. ऑक्टोबरमध्ये १.५.

खाडीकाठ | ४ मार्च, सकाळी ७:२०

लहान खोलीसाठी १.५ वाईट नाही. द ग्रीन ग्रिड या संस्थेने २००७ मध्ये ही मोजणी रूढ केली. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या जागतिक पाहणीत अलीकडची सरासरी १.५ ते १.६ च्या मधेच घोटाळते आहे. गूगल आपल्या सगळ्या केंद्रांची सरासरी १.१ च्या आसपास सांगतं. पण पीयूईच्या मागे आंधळेपणाने लागू नका. सर्व्हर रिकामाच फिरत असला तरी तो आकडा छान दिसतो.

पल्याडचा_पूल | ४ मार्च, सकाळी ८:०५

हवा कुठून गळते ते बघायला उदबत्ती वापरा. धूर कुठे ओढला जातो ते लगेच कळतं. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये असंच शोधलं.

खाडीकाठ | ४ मार्च, सकाळी ८:३०

कृपा करून उदबत्ती नको! सर्व्हर रूममध्ये स्मोक डिटेक्टर असतो, त्याला गॅसची अग्निशमन यंत्रणा जोडलेली असेल तर धूर लागताच गॅस सुटतो. काठीच्या टोकाला लोकरीचा दोरा किंवा टिश्यू पेपरची बारीक पट्टी बांधा. तेवढीच माहिती मिळते. आणि तुमच्या पडद्यामुळे डिटेक्टर किंवा गॅसचं नोझल झाकलं तर जात नाही ना, ते आग विझवणाऱ्या कंपनीच्या माणसाला एकदा दाखवून घ्या.

वऱ्हाडी_वाळा | ४ मार्च, दुपारी १:१५

नागपूरहून लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ ला घराघरात कूलर चालतो अन् खोलीत २८ होते. आधी वाळ्याच्या ताट्या होत्या, आता पुठ्ठ्याचे जाळीदार पॅड आले. कूलर एसीच्या कितीतरी पट कमी वीज खातो. मग सर्व्हर रूमला कूलर का लावत नाहीत? दमट हवा म्हणून सगळे घाबरवतात, पण उन्हाळ्यात आमची हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात.

खाडीकाठ | ४ मार्च, दुपारी २:४०

चांगला प्रश्न आहे, जरा बैजवार लिहितो.

कूलर हवेला किती गार करू शकेल याची तळरेषा म्हणजे ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान, वेट बल्ब. नागपूरला ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ते साधारण २४ येतं. चांगला पॅड वरच्या-खालच्या अंतरातलं ऐंशी टक्के कापतो. ४५ उणे २४ म्हणजे २१, त्याचे ऐंशी टक्के १७. म्हणजे २८ ची हवा. तुमचा अनुभव आणि गणित अगदी जुळतं. आता आमच्याकडचा जुलै घ्या: ३० अंश, ८५ टक्के आर्द्रता. वेट बल्ब जवळपास २८. कूलरने दीड अंश उतरेल, आणि हवा पाण्याने गच्च. म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यात तो उपाय बाद.

नागपुरातही बाहेरची हवा थेट सर्व्हरवर सोडायला मी कचरतो. धूळ, भट्ट्यांचा धूर, गटाराजवळचा वायू. त्यातल्या गंधकाने तांब्या-चांदीच्या जोडण्या काळ्या पडतात. बोर्ड सहा महिन्यांत गेलेले मी पाहिलेत. आणि पाऊस लागला की तोच कूलर निरुपयोगी होतो, म्हणजे एसी ठेवावाच लागतो.

पण तुमची कल्पना फेकून देऊ नका, ती खोलीच्या आत आणण्याऐवजी बाहेर वापरा. स्प्लिटचं आउटडोअर युनिट गच्चीवर ४४ च्या हवेत उष्णता सोडत असतं. बाहेर जितकं गरम, तितका कंप्रेसरचा जीव निघतो. ढोबळमानाने अंशाला २ ते ३ टक्के वीज वाढते. त्या युनिटच्या हवा ओढणाऱ्या बाजूला कूलरचा पॅड उभा केला की त्याला ३० ची हवा मिळेल. दमटपणा बाहेरच राहतो, सर्व्हरशी त्याचा संबंधच येत नाही.

वऱ्हाडी_वाळा | ४ मार्च, दुपारी ३:०५

हे लई भारी सांगितलं काका. आमच्याकडे काही जण आउटडोअरवर पाइपाने थेट पाणी मारतात. ते चालते का?

खाडीकाठ | ४ मार्च, दुपारी ३:२०

अजिबात नको. बोअरच्या जड पाण्याने ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरा थर बसतो, दोन उन्हाळ्यांत कॉइल बाद. पाणी पॅडवरच राहायला हवं, युनिटपर्यंत फक्त हवा. पॅड युनिटच्या जाळीपेक्षा मोठा आणि हातभर दूर ठेवा, नाहीतर हवाच कोंडेल. पावसाळा लागला की काढून ठेवा.

त्याच्याही आधी गच्चीवर जाऊन बघा. दोन आउटडोअर समोरासमोर लावलेली असतील तर एक दुसऱ्याच्या तोंडावर झळ मारतं. शोभेसाठी ती लाकडी पट्ट्यांत कोंडलेली असतात. पश्चिमेचं ऊन थेट अंगावर असतं. जागा बदलून, डोक्यावर उंच हिरवी जाळी बांधून आणि कॉइल धुऊन जो फरक पडतो तो फुकटातला आहे.

मांजराकाठ | ४ मार्च, रात्री ९:००

मी लातूरची. मला इथे थोडं थांबून पाण्याविषयी बोलायचं आहे, कारण विजेच्या बचतीत पाण्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

एक युनिट उष्णता पाणी उडवून घालवायची तर साधारण दीड लिटर पाणी हवेत जातं. हे निसर्गाचं गणित आहे, कोणत्याही कंपनीला त्यातून सुटका नाही. एक मेगावॉटच्या केंद्राने पूर्ण भारावर सगळी उष्णता कूलिंग टॉवरमधून सोडली तर ताशी १,५०० लिटर, दिवसाला ३६ हजार. शिवाय टॉवरमध्ये क्षार साठतात म्हणून काही पाणी सोडून द्यावं लागतं ते वेगळं. दहा हजार लिटरचे चार टँकर रोज, फक्त एका मेगावॉटला. आणि आता शेकडो मेगावॉटची भाषा चालली आहे.

२०१६ मध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा आमच्या गल्लीत रात्री दोन वाजता हंड्यांची रांग लागायची, आणि आई हंड्याच्या तळाशी उरलेलं पाणी ओंजळीने काढून तुळशीला घालायची. त्यामुळे कुणी 'पाण्याने गार करू, वीज वाचेल' म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, पाणी कुणाचं?

खाडीकाठ | ४ मार्च, रात्री ९:३५

ताई, हा प्रश्न प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्याच बैठकीत विचारायला हवा. आमच्या धंद्यात तो फार उशिरा विचारला गेला, हे मी कबूल करतो.

एक बाजू तरी सांगतो. पाणी न वापरता सुक्या हवेने उष्णता सोडली तर वीज जास्त लागते, आणि कोळशाची वीज बनवतानाही औष्णिक केंद्रात पाणी उडतंच. म्हणून दोन्ही खाती शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा लागतो. मला पटणारा रस्ता म्हणजे प्रक्रिया केलेलं सांडपाणी. नागपूरच्या भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. ते तिथे जमतं तर नव्या डेटा सेंटरला पिण्याचं पाणी देण्याचं कारण नाही.

तारांचा_गुंता | ४ मार्च, रात्री १०:१०

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या खोलीचा हिशेब करून पाहिला. पॅड बसवला तर तो फक्त हवा गार करेल, तेही दुपारचे सहा-सात तास. ताशी आठ-दहा लिटर धरलं तर दिवसाला साठ-सत्तर. उन्हाळ्याचे अडीच महिने. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याच्या आरओचं वाया जाणारं पाणी रोज तेवढं निघतं, ते वापरता येईल का?

मांजराकाठ | ४ मार्च, रात्री १०:२५

साठ-सत्तर लिटरला माझी हरकत नाही, आणि तुम्ही हिशेब करून विचारलंत याचं बरं वाटलं. पण आरओच्या टाकाऊ पाण्यात क्षार दाटलेले असतात, पॅड महिन्याभरात दगड होईल. गच्चीवर पावसाचं पाणी साठवायची टाकी आहे का? त्याहून चांगलं पाणी पॅडला मिळणार नाही.

ध्रुवतारा_हेलसिंकी | ५ मार्च, पहाटे २:५०

फिनलंडमध्ये नऊ वर्षं आहे. इथे हा प्रश्न अगदी उलटा असतो. हामिना गावात २००८ मध्ये बंद झालेली कागद गिरणी गूगलने घेतली आणि २०११ पासून तिथे डेटा सेंटर चालतं. गिरणीसाठी खणलेल्या बोगद्यातून समुद्राचं पाणी येतं, त्यानेच गारवा. मँत्साला गावात तर डेटा सेंटरची उष्णता गावाच्या गरम पाण्याच्या जाळ्यात सोडतात आणि घरं उबदार होतात. माझ्या आजोबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना चुलीच्या वैलाची आठवण झाली. भाकरी चुलीवर, आणि तिच्याच धगीवर वैलावर आमटी.

युरोपात आता हे मर्जीवर राहिलेलं नाही. जर्मनीच्या २०२३ च्या कायद्याने जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या नव्या केंद्रांना पीयूई १.२ च्या आत ठेवायला सांगितलं आहे, आणि उष्णतेचा काही भाग दुसऱ्याला द्यायलाही.

पण आपल्याकडच्यांनी फिनलंडकडे बघून उसासे टाकू नयेत असं मला वाटतं. बघायचंच तर सिंगापूरकडे बघा. हवा कोकणासारखी दमट, हिवाळा नाही. तिथल्या सरकारने २०२३ मध्ये उष्ण प्रदेशासाठी मानक काढलं आणि हॉलचं तापमान हळूहळू २६ किंवा त्याहून वर न्यायला सांगितलं. एका अंशामागे गारव्याच्या विजेत २ ते ५ टक्के बचत असा त्यांचा अंदाज आहे. तारांचा_गुंता यांनी दर आठवड्याला एक अंश वर नेत जे केलं, तेच.

द्राक्षबाग | ५ मार्च, सकाळी ९:४५

निफाड तालुक्यात आमच्या शेतकरी कंपनीचं छोटं ऑफिस आहे, एकच रॅक. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा एक आकड्यात येतो, बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा रात्री एसी चालवायचं माझ्या जिवावर यायचं. रॅकच्या पाठीमागे छताजवळ एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या भिंतीत खाली फिल्टर लावलेली खिडकी केली. रात्री दहा ते सकाळी आठ एसी बंद. फक्त फिल्टर आठवड्याला काळा होतो.

खाडीकाठ | ५ मार्च, सकाळी १०:१५

निफाडला हे करायचं नाही तर कुठे करायचं! दोन गोष्टी सांभाळा. फिल्टर साध्या जाळीचा नको, मर्व्ह ११ ते १३ दर्जाचा घ्या. आणि बाहेर ६ अंश असताना ती हवा तशीच आत घेऊ नका, पाठची गरम हवा थोडी मिसळून २० च्या आसपास आणा. औषध फवारणीच्या दिवशी खिडकी बंद.

समुद्रगंध | ५ मार्च, दुपारी १२:३०

रत्नागिरीतून. तुम्ही सगळे एसी वर न्यायला सांगताय, मी २५ वर नेला तर जुलैत भिंतींना घाम आला. खारी हवा, रॅकचे स्क्रू गंजलेत. मी परत २० वर आलो. आमच्यासाठी काय?

खाडीकाठ | ५ मार्च, दुपारी १:००

तुमचा अनुभव खरा आहे. एसी वर नेला की कंप्रेसर कमी चालतो आणि हवेतलं पाणी कमी निघतं. पण मला सांगा, ते पाणी खोलीत येतं कुठून? सर्व्हर वाफ सोडत नाही. ते दाराखालच्या फटीतून, वायरींच्या भोकांतून, खिडकीच्या एसीच्या जुन्या चौकटीतून येतं. ती वाट आधी बुजवा. दाराला रबरी पट्टी, भिंतींना आतून बाष्परोधक रंग, खोलीत कुणी बसायचं नाही. उरलेल्या वाफेसाठी छोटा डिह्युमिडिफायर लावा. पूर्ण खोली २० वर ठेवण्यापेक्षा तो कमी खातो. दवबिंदू १५ च्या खाली आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली की निर्धास्त. आर्द्रतामापक रॅकच्या समोर लावा, दाराजवळ नको.

विद्युतवाहिनी | ५ मार्च, रात्री ८:२०

पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात हवेने गार करायचे दिवसच संपत आले. एनव्हिडियाचा जीबी२०० चा ७२ चिपांचा एक रॅक १२० किलोवॉटचा आहे. धाग्यातल्या बँकेच्या वीस खोल्या एका कपाटात! तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. पुण्यात हे नवीन नाही: पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतला २०१८ चा प्रत्यूष महासंगणक पाण्यानेच गार व्हायचा, आयसरच्या परम ब्रह्ममध्ये तर चिपच्या डोक्यावर थेट पाण्याची पाटी बसवलेली आहे. मग लहान ऑफिसांनीही आता पाण्याकडेच वळावं का?

खाडीकाठ | ५ मार्च, रात्री ९:१०

सहा किलोवॉटला गरज नाही. तिथे पाइप, पंप, गळती हे नवे ताप. साधारण वीस-तीस किलोवॉटच्या रॅकपर्यंत नीट वळवलेली हवा पुरते.

पण मोठ्या केंद्रांसाठी तुमचा मुद्दा माझ्या मते या सगळ्यात मोलाचा आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात आलेला नाही. चिप ७०-८० अंशांवर सुखाने चालते. तिला गार करायला गार पाणी लागतच नाही! म्युनिकजवळ गार्शिंगच्या सुपरएमयूसी महासंगणकाला २०१२ मध्येच ४० अंशांच्या आसपासचं पाणी देत होते. आता आपला विचार करा. मुंबईचा वेट बल्ब अगदी वाईट दिवशी २८-२९ असतो. साधा कूलिंग टॉवर त्याच्यावर चार अंश, म्हणजे ३३ चं पाणी बारा महिने देऊ शकतो. म्हणजे ४० च्या पाण्यावर चालणाऱ्या सर्व्हरला महाराष्ट्रात कुठेही, कोणत्याही महिन्यात पाणी गार करणारं यंत्र, म्हणजे चिलर, लागणार नाही. कंप्रेसरच नको. माझी निम्मी कारकीर्द ७ अंशांचं पाणी तयार करणाऱ्या चिलरांची देखभाल करण्यात गेली. पुढच्या पिढीने ते करू नये असं मला मनापासून वाटतं. ताईंचा पाण्याचा प्रश्न मात्र तिथेही उभा राहतोच. ४५ अंशांचं पाणी चालणारे सर्व्हर असतील तर मुंबई-पुण्यात टॉवरही नको, मोटारीच्या रेडिएटरसारखं सुकं यंत्र पुरेल आणि पाण्याचा थेंब लागणार नाही.

विद्युतवाहिनी | ५ मार्च, रात्री ९:२५

काका, माझ्या प्रोजेक्टचा विषय मिळाला. पुणे, नागपूर, रत्नागिरी या तीन ठिकाणच्या वर्षभराच्या हवामानावर हेच मोजते.

मांजराकाठ | ५ मार्च, रात्री ९:४०

त्यात लातूरही घे गं.

तारांचा_गुंता | २२ मे, सायंकाळी ६:३०

मंडळी, मेचे आकडे आणले आहेत.

मार्चअखेर गच्चीवर गेलो. काकांनी लिहिलं होतं तेच निघालं: दोन्ही आउटडोअर समोरासमोर, मधे जेमतेम चार फूट. एक उचलून उत्तरेच्या भिंतीला नेलं, गॅस पुन्हा भरावा लागला. कॉइल धुतल्या तेव्हा काळं पाणी निघालं. दुसऱ्याला पॅड बसवला, कूलरची छोटी मोटर आणि टायमर, दुपारी बारा ते सहा. पाणी पावसाच्या टाकीतलं. पॅडच्या बाहेर ४४ आणि आतल्या बाजूला ३१, थर्मामीटर हातात धरून मी आणि शिपाईमामा दोघांनी दोनदा वाचलं.

गेल्या आठवड्यात दोन्ही एसी मिळून रोज ६४ युनिट. काकांची शंका खरी होती, ऑक्टोबरच्या ५८ वर खूश होऊन बसणं चूक झालं असतं. तरी ९२ चे ६४ झाले. युनिटला १२ रुपये धरले तर महिन्याला दहा हजार.

आज दुपारी तीनला, बाहेर ४४ असताना, साहेबांची परवानगी घेऊन पॅड नसलेला एसी मुद्दाम बंद केला. गेल्या वर्षी अशाच वेळी दहा-बारा मिनिटांत ४० पार झाले होते. आज वरच्या सर्व्हरसमोरचा आकडा दहाव्या मिनिटाला २७.५, अर्ध्या तासाने २९.५, आणि तासाभराने ३१ वर जाऊन तिथेच थांबला. आणखी अर्धा तास बघत बसलो, हलला नाही. मग एसी चालू केला.

तिसऱ्या एसीचे मंजूर झालेले पैसे शिल्लक आहेत. साहेब विचारत होते, त्यातून काउंटरसमोरच्या हॉलमध्ये दोन कूलर घेता येतील का. वऱ्हाडी_वाळा, पंचवीस बाय चाळीसच्या हॉलला किती मोठे लागतील?

वऱ्हाडी_वाळा | २२ मे, सायंकाळी ७:०५

दोन पुरतात, पण मोठे डक्टवाले घ्या अन् दोन्ही खिडकीबाहेर बसवा, आत ठेवू नका. समोरच्या बाजूच्या खिडक्या उघड्या पाहिजेत, नाहीतर हॉल चिकचिक होते. खिडक्यांचे माप टाका, मी सांगतो.